एका पेशीचा नाद

बुलफ्रॉग जातीच्या बेडकाच्या अंतर्कर्णात सॅक्युल नावाची एक बारीकशी पिशवी असते. जमिनीतून येणारी थरथर बेडकाला कळते ती मुख्यतः तिच्यामुळे. माणसाच्या ऐकण्याशी तिचा थेट संबंध नाही. गाणं, बोलणं, भांडण यातलं काहीही आपण सॅक्युलने ऐकत नाही. आणि तरीही माणूस ऐकतो कसा याबद्दल गेल्या पन्नास वर्षांत जे कळलं, त्याचा फार मोठा वाटा या बेडकाच्या पिशवीतून आला. तो काढणाऱ्या माणसाचं नाव अल्बर्ट जेम्स हड्स्पेथ. सगळे त्यांना जिम म्हणत. १९७५ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे कॅलटेकमध्ये ते रुजू झाले, आणि तिथून २०२५ पर्यंत कानातल्या हालचालीचा संदेश बनवणाऱ्या केशपेशी या एकाच प्रकारच्या पेशीमागे राहिले.

मराठीत ‘नाद’ म्हणजे आवाज, आणि ‘नाद लागणे’ म्हणजे काय ते घरोघरी ठाऊक आहे. हड्स्पेथ यांना दोन्ही अर्थांनी नाद होता. पण या प्रकरणात मला त्यांच्या चिकाटीपेक्षा त्यांनी केलेली निवड महत्त्वाची वाटते. चिकाटी पुष्कळांकडे असते. कुठल्या प्राण्याचा कोणता अवयव टेबलावर घ्यायचा हे एकदा ठरलं, की पुढची कित्येक वर्षं कोणते प्रश्न सुटणार आणि कोणते अडकणार हेही बरंचसं ठरून जातं. हड्स्पेथ यांच्या बाबतीत दोन्ही घडलं.

आधी माणूस. जन्म १९४५चा, टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. शाळकरी वयात सुट्ट्यांमध्ये ते बेलर वैद्यकीय महाविद्यालयात एका चेताशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करत. १९६३ साली त्यांना शाळेतून काढून टाकलं, कारण धोकादायक रसायनं एकत्र करणे आणि इतर उपद्व्याप. पुढे हार्वर्ड. व्हिएतनाम युद्धाची सक्तीची भरती टाळण्यासाठी त्यांनी चेताजीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रवेश घेतला. वर्षभरात नियम बदलला आणि सवलत टिकवायला वैद्यकीय शिक्षण घेणं भाग पडलं. म्हणून त्यांच्या नावापुढे १९७३ची पीएचडी आणि १९७४ची एमडी अशा दोन्ही पदव्या लागल्या. सरकारी भरतीच्या नियमांनी जगाला एक कर्णशास्त्रज्ञ दिला, असं म्हणायचा मोह होतो. पण ते जरा जास्तच होईल.

हार्वर्डमध्ये त्यांना टॉर्स्टन वीझल आणि डेव्हिड ह्यूबेल यांचं मार्गदर्शन लाभलं. मेंदू दृश्य कसं उलगडतो या कामासाठी त्या दोघांना १९८१ साली नोबेल मिळालं. त्या काळात संवेदनांच्या अभ्यासात दृष्टीचा दरारा होता. त्या दरबारात तयार झालेला हा विद्यार्थी कानाकडे वळला आणि स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत ओके फ्लॉक यांच्याकडे गेला. माशाच्या अंगावरच्या संवेदी रेषेत केशपेशींना दिशा कळते, हे फ्लॉक यांनी दाखवलेलं होतं.

आता १९७५ ची परिस्थिती पाहू, कारण प्रकरणाची मेख तिथे आहे.

कानात शिरलेल्या आवाजाचं पुढे काय होतं, याचं पहिलं मोठं चित्र गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी काढलं होतं. शंखासारख्या गुंडाळलेल्या कॉक्लियातल्या पडद्यावरून लाट धावते, आणि उंच स्वराची लाट सुरुवातीला तर खर्जाची शेवटाकडे उचंबळते. यासाठी त्यांना १९६१ साली नोबेल मिळालं. पण बेकेशी यांनी हे पाहिलं मृतांच्या कानांत, आणि प्रचंड मोठे आवाज सोडून. लाट पडद्यावर आली इथपर्यंत ठीक. त्या हालचालीची वीज कशी होते, म्हणजे मेंदूला कळेल असा संदेश कसा बनतो, ते काम केशपेशीचं. आणि केशपेशीच्या आत काय घडतं, हे कोणी नीट मोजलेलंच नव्हतं.

न मोजण्याला कारण होतं. माणसाच्या एका कानात अशा पेशी जेमतेम १६,००० असतात. त्या शरीरातल्या सर्वांत कठीण हाडाच्या आत, द्रवाने भरलेल्या वळणदार नळीत बसलेल्या. हाड फोडलं की पेशी मरते, नाही फोडलं तर दिसत नाही. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर दांड्यांचा एक झुपका असतो, दांड्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरत्या उंचीने लावलेल्या. झुपक्याची उंची काही मायक्रोमीटर. अगदी हलका, ऐकू येईल-न येईल असा आवाज झाला, तर हा झुपका हलतो साधारण ०.३ नॅनोमीटर. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. झुपका तेवढा मोठा केला, तर शिखर दहाएक सेंटिमीटर सरकल्याचं पायथ्याला कळावं, असा हा मामला आहे.

अशा वेळी सस्तन प्राण्याच्या कॉक्लियाशी झटापट करत बसणं हा एक मार्ग होता. हड्स्पेथ यांनी बेडूक घेतला. बुलफ्रॉगच्या सॅक्युलमधल्या केशपेशी मोठ्या असतात, सपाट पसरलेल्या असतात, आणि पिशवी अख्खी बाहेर काढून द्रवात ठेवली तर तासन्‌तास जगतात. वरचा बुळबुळीत थर विकराने सैल करून उचलला की झुपके शेतात रोपं उभी असावीत तसे सूक्ष्मदर्शकाखाली उभे दिसतात. एक काचेची अतिबारीक काडी झुपक्याला लावायची, दुसरी पोकळ टोकदार काचनळी पेशीत खुपसायची. पहिलीने ढकलायचं, दुसरीने वीज मोजायची.

डेव्हिड कोरी या विद्यार्थ्याला सोबत घेऊन त्यांनी हे केलं, आणि १९७७ साली निकाल छापला. झुपका उंच दांड्यांच्या बाजूला वाकवला की पेशीत धन प्रवाह शिरतो, उलट बाजूला वाकवला की थांबतो. पेशीच्या प्रतिसादाची सगळी मजल मायक्रोमीटरपेक्षा कमी अंतरात संपते. आज हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात एका आकृतीत बसतं. तेव्हा एखाद्या पेशीचा झुपका असा हाताने धरून ढकलणं हीच मोठी गोष्ट होती.

पुढच्या सहा-सात वर्षांचं काम वाचताना पोलिस तपासाची आठवण येते. झुपक्यात एक वेगळी, उंच दांडी असते, तिला कायनोसिलियम म्हणतात. बऱ्याच जणांचा संशय तिच्यावर होता. १९७९ साली हड्स्पेथ आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने सूक्ष्म शस्त्रक्रियेने ती बाजूला केली. पेशी पूर्वीसारखीच ‘ऐकत’ राहिली. म्हणजे गुन्हेगार ती नव्हे. १९८२ साली हड्स्पेथ यांनी झुपक्याच्या आजूबाजूला विद्युत्‌अग्र फिरवून प्रवाह नेमका कुठे आत शिरतो ते शोधलं. उत्तर आलं, झुपक्याच्या शेंड्यापाशी.

पण या सगळ्यात मला सर्वांत देखणा वाटतो तो वेळेचा प्रयोग. कोरी आणि हड्स्पेथ यांनी झुपक्याला एकदम धक्का दिला आणि विचारलं, प्रवाह सुरू व्हायला किती वेळ लागतो? साधारण खोलीच्या तापमानाला उत्तर आलं सुमारे ४० मायक्रोसेकंद. तापमान वाढवलं की त्याहून कमी. डोळ्यातल्या पेशीला प्रकाश पडल्यावर प्रतिसाद द्यायला कित्येक मिलिसेकंद लागतात, कारण तिथे एक रेणू दुसऱ्याला जागं करतो, दुसरा तिसऱ्याला, अशी साखळी चालते. ४० मायक्रोसेकंदांत अशी साखळी बसूच शकत नाही. म्हणजे मधे रसायन नाही. झुपका वाकला की काहीतरी ताणलं जातं आणि ते ताणलेलं काहीतरी प्रवाहाला आत सोडणारं पेशीचं दार थेट ओढून उघडतं. एका वेळेच्या आकड्यावरून यंत्रणेचा आराखडा काढणं, तोही दार किंवा दोरी डोळ्यांनी न बघता! आणि विचार केला तर दुसरं काही शक्यही नव्हतं. २०,००० हर्ट्झच्या स्वराचं एक आवर्तनच ५० मायक्रोसेकंदांचं असतं. इथे निरोप्या पाठवायला सवड कुठे?

या तर्कातून त्यांनी १९८३ मध्ये दाराला जोडलेल्या स्प्रिंगची कल्पना मांडली. वर्षभरात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात पिकल्स, कोमिस आणि ऑसबोर्न या तिघांना गिनीपिगच्या झुपक्यात खरोखरची दोरी दिसली: बुटक्या दांडीच्या शेंड्यापासून शेजारच्या उंच दांडीच्या कडेला जाणारा एक बारीक धागा. पुढे हेही कळलं की हा धागा दोन प्रथिनांचा विणलेला असतो आणि त्यांच्या जनुकांत बिघाड झाला की मूल जन्मतः बहिरं असू शकतं. धागा हाच स्प्रिंग का, की स्प्रिंग धाग्याच्या मुळाशी आणखी कुठे, यावर बराच काळ काथ्याकूट चालू राहिला. तो तपशील इथे सोडतो.

१९८८ साली जोनाथन हॉवर्ड यांच्यासोबत केलेला प्रयोग मात्र सोडवत नाही. दार स्प्रिंगने ओढलं जात असेल, तर दार उघडताना स्प्रिंग क्षणभर सैल पडली पाहिजे. जुन्या पद्धतीचं लाइटचं बटण दाबताना बोटाला जो ‘खट’ जाणवतो, तसं. त्यांनी लवचीक काचतंतूने झुपका ढकलून त्याचा ताठरपणा मोजला. आणि नेमक्या ज्या टप्प्यात दारं उघडत होती, त्याच टप्प्यात झुपका मऊ झाला. केशपेशीचा ‘खट’ त्यांनी मोजला.

एव्हाना हड्स्पेथ कॅलटेक सोडून १९८३ साली सॅन फ्रान्सिस्कोला आले होते. १९८९ साली डॅलस, १९९५ साली न्यू यॉर्कचं रॉकफेलर विद्यापीठ. संस्था चार झाल्या. बेडूक तोच.

इथून प्रकरणाला दुसरं वळण लागतं, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९४८ साली केंब्रिजमध्ये थॉमस गोल्ड या तरुणाने हिशेब मांडला होता: कॉक्लिया द्रवात बुडालेली आहे, द्रव हालचाल मारून टाकतो, आणि तरी आपल्याला जवळजवळचे दोन स्वर वेगळे ऐकू येतात. मग कानाने स्वतःच्या पदरची ऊर्जा घालून हालचाल वाढवली पाहिजे. गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर गेला की जी कर्कश शिट्टी वाजते, ती वाजण्याच्या अगदी काठावर यंत्र ठेवलं तर बारीकसा आवाजही मोठा होतो. गोल्ड म्हणत होता की कान तसा आहे, आणि तसा असेल तर कधीकधी तो स्वतःच वाजेल. बेकेशी यांच्या वलयापुढे ते कोणी मनावर घेतलं नाही. गोल्ड कंटाळून खगोलशास्त्राकडे निघून गेला. तीस वर्षांनी, १९७८ साली, लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी माणसाच्या कानात माइक ठेवून कानातून परत येणारा आवाज टिपला. नवजात बाळांच्या कानांची तपासणी आज आपल्याकडच्या रुग्णालयांतही ज्या छोट्या यंत्राने होते, ते यावरच चालतं. बाळ झोपलेलं असताना त्याचा कान जे प्रत्युत्तर देतो, तेच ते मोजतं.

कान आवाज वाढवतो हे ठरलं, वाढवतो कोण? १९८५ साली विल्यम ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गिनीपिगच्या कॉक्लियातल्या बाहेरच्या रांगांमधल्या केशपेशी विजेच्या तालावर लांब-आखूड होतात. २००० साली त्यामागचं प्रथिनही सापडलं, प्रेस्टिन. ते काढून टाकलेले उंदीर जवळजवळ बहिरे निघाले. सस्तन प्राण्यांपुरता प्रश्न सुटला, असं बहुतेकांना वाटलं.

हड्स्पेथ मात्र बेडकाकडे बोट दाखवत राहिले. बेडकाला सस्तन प्राण्यांसारखी अशी नाचणारी पेशी नाही, आणि तरी बेडकाचा कान आवाज वाढवतो. मग त्याचा वर्धक कुठे? एक साधी गोष्ट आधी बदलावी लागली. प्रयोगात पेशी वरून-खालून एकाच द्रवात बुडवलेली असे. जिवंत कानात झुपक्याभोवतीचा द्रव वेगळा असतो, पोटॅशियम भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी, आणि पेशीच्या अंगाभोवतीचा वेगळा. दोन कप्प्यांचं भांडं करून दोन्ही द्रव जागच्या जागी ठेवले तेव्हा कोणीही न ढकलता झुपके आपसूक डोलू लागले. १९९९ साली पास्काल मार्टिन आणि हड्स्पेथ यांनी दाखवलं की अशा डोलणाऱ्या झुपक्याला त्याच्याच लयीत हलका धक्का दिला, तर तो दिलेल्यापेक्षा जास्त काम करून परत देतो. झोका देणाराच ऊर्जा घालतोय असं नाही, झोकाही घालतोय. दोन वर्षांनी भौतिकशास्त्रज्ञ फ्रांक यूलिशर यांच्यासोबत त्यांनी हे हलणं केवळ उष्णतेने होणारी थरथर नसून पेशी त्यात खरोखर ऊर्जा खर्च करते, हे आकड्यांनी सिद्ध केलं.

आणि इथेच बेडकाच्या निवडीचं देणं अंगावर आलं. ‘तुमच्या बेडकात असेल, माणसात प्रेस्टिन आहे,’ हा आक्षेप रास्त होता. मला तो आजही रास्त वाटतो. सोपा प्राणी निवडला की उत्तर स्वच्छ मिळतं, पण ते कोणाचं उत्तर हा प्रश्न मागे उरतो. काही शास्त्रज्ञ असा प्रश्न शिष्यांवर सोडून मोकळे होतात. हड्स्पेथ यांनी २००५ साली जर्बिल या उंदरासारख्या सस्तन प्राण्याची कॉक्लिया बाहेर काढून तिच्यात कॅल्शियमवर चालणारं वर्धन दिसतं असं दाखवलं. त्यावरही मतं विभागलेलीच राहिली.

या वादात माझा कल कुठे, हे सांगायला हवं. प्रेस्टिनशिवाय सस्तन प्राण्याचा कान चालत नाही, याबद्दल मला शंका वाटत नाही. पण झुपक्याचा वाटा शून्य, असं म्हणणाऱ्यांनी बेडकाचं डोलणं पुरेसं गंभीरपणे घेतलेलं नाही, असंही वाटतं.

एक गोष्ट मात्र हड्स्पेथ यांच्या हातून निसटली, आणि ती छोटी नाही. ज्या दाराची उघडझाप ते आयुष्यभर मोजत होते, ते दार कोणत्या प्रथिनाचं बनलंय हे त्यांच्या प्रयोगशाळेला सापडलं नाही. कारण पुन्हा संख्येचं. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी कोट्यवधी असतात आणि प्रत्येकीत प्रकाश पकडणारे रेणू कोट्यवधी. गाळून काढायला मुबलक माल. कानात पेशी काही हजार आणि प्रत्येकीत अशी दारं शेकड्याच्या हिशेबात. एवढ्या मालातून रसायनशास्त्राला काय लागणार? उत्तर आलं बहिऱ्या माणसांकडून. १९९५ साली भारतातल्या दोन कुटुंबांमधल्या जन्मजात बहिरेपणाच्या अभ्यासातून गुणसूत्र ९ वरची एक जागा निश्चित झाली. २००२ साली तिथलं जनुक मिळालं, टीएमसी-१. त्याचं प्रथिन हेच दाराची वाट घडवतं याचा भक्कम पुरावा २०१८ साली दोन प्रयोगशाळांनी मिळून दिला. त्यांतली एक डेव्हिड कोरी यांची, म्हणजे १९७७ साली काचेची काडी धरणाऱ्या त्याच विद्यार्थ्याची.

योगायोगाने त्याच वर्षी नॉर्वेचं काव्ली पारितोषिक चेताविज्ञानात तिघांना मिळालं: हड्स्पेथ, कासवाच्या कानावर काम करणारे रॉबर्ट फेटिप्लेस, आणि बहिरेपणाची जनुकं शोधणाऱ्या पॅरिसच्या क्रिस्टीन पेटी. बेडूक, कासव आणि माणसांची कुटुंबं, तिन्ही वाटांना एकाच व्यासपीठावर बसवण्यात निवड समितीने चोख समज दाखवली. नोबेल मिळालं नाही. कॉक्लियाच्या कामाला ते बेकेशी यांच्यानंतर मिळालेलंच नाही.

२०२५ साली रॉकफेलरच्या प्रयोगशाळेतून शेवटचं मोठं काम बाहेर आलं. जर्बिलच्या कॉक्लियाचा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा एक जिवंत तुकडा, दोन्ही बाजूंना दोन वेगळे द्रव, बाहेरून आवाज, आणि रोद्रिगो आलोन्सो व सहकाऱ्यांनी त्यावर घेतलेली मापं. मांडणी पाहिली की बेडकाचं दोन कप्प्यांचं भांडंच आठवतं. फक्त आता त्यात सस्तन प्राणी होता. तो तुकडा शिट्टी वाजण्याच्या काठावर उभ्या असलेल्या यंत्रासारखा वागला, म्हणजे गोल्डने वर्तवलं होतं आणि बेडकात दिसलं होतं तसाच. पेशींचं लांब-आखूड होणं आणि झुपक्यातल्या दारांची उघडझाप, दोन्ही तिथे हजर होती. दोघांत कोणाचा वाटा किती, याचा हिशेब अजून लागायचा आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हड्स्पेथ गेले. वय ७९.

अर्ध्यावर राहिलेलं दुसरं काम केशपेशी पुन्हा उगवण्याचं. वयाने, मोठ्या आवाजाने किंवा काही प्रतिजैविकांनी आपल्या केशपेशी मरतात, आणि मेलेली पेशी परत येत नाही. श्रवणयंत्र उरलेल्या पेशींपर्यंत आवाज मोठा करून पोचवतं, कॉक्लियर इम्प्लांट पेशींना वगळून थेट चेतातंतूंना वीज देतं. पेशी कोणीच देत नाही. हड्स्पेथ यांच्या प्रयोगशाळेने झीब्राफिशमध्ये नव्या केशपेशी कशा तयार होतात ते पाहिलं, आणि २०२१ साली उंदराच्या कानातल्या झोपलेल्या आधारपेशींना पुन्हा विभागायला लावणारं एक संयुगही पुढे आणलं. औषध अजून दूर आहे. बेडकाच्या सॅक्युलमध्ये मात्र नव्या केशपेशी आयुष्यभर येत राहतात.